जोडावरचा ओढा

मास्तर, उद्या अकरा वाजता तिन्ही शहरांची बैठक आहे आणि शुक्रवारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी पानी पी, मग बोल." पाणी पिऊन झालं. रविवारची दुपार आहे, घरातले सगळे जेवून आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका जुन्या नकाशाच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहितेय. पाठकोरा कागद फेकायचा नाही, ही तुमचीच सवय. ऑफिसात तुमच्या टेबलासमोर मी नकाशा काढायला पहिल्यांदा पेन धरलं तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आणि आता मला निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत. तरी आज त्या टेबलासमोर उभी असल्यासारखंच वाटतंय.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांचे विकास आराखडे वेगवेगळे झाले, ते तुमच्याच डोळ्यांदेखत. एका घरात तीन चुली. एकाचा ऐसपैस रस्ता हद्दीपर्यंत येतो आणि पुढे दुसऱ्याच्या गल्लीत नाक घासतो. आता वरून हुकूम आलाय की तिघांनी मिळून एकच आराखडा करायचा, आणि तिन्ही नकाशे एकत्र जोडायचं काम आमच्या ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे आलंय. वर्षभर बैठका झाल्या. चहा आला, बिस्किटं संपली, एकमत काही झालं नाही. मग एकाच गोष्टीवर झालं: तिघांसाठी एक मोठं रुग्णालय. उल्हासनगरहून येणारे सिंधी गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हमारे यहाँ तो सुई टाकायला जागा नाही. तुम्ही जागा द्या, बाकी सब हम देख लेंगे." जागा निघाली ती अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, हद्दीला लागून, ओढ्याच्या काठी. नकाशावर कोरडी, सपाट, मोकळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, देवाशप्पथ, तेव्हा मला काही आठवलं नाही.

आठवलं ते शुक्रवारी. हल्ली आकाशातून ड्रोनने फोटो घेतात आणि कॉम्प्युटरवर जुन्या नकाशावर ठेवून बघतात. आमचे साहेब, माझ्या मुलाच्या वयाचे आहेत पण माणूस हुशार, फोटो सरकवता सरकवता थांबले. म्हणाले, "मॅडम, हा ओढा फोटोत एवढा रुंद आहे, आणि आपल्या जुन्या शीटवर अर्धासुद्धा नाही. हे जुळवलं कोणी?" त्यांनी कपाटातून मूळ कागद काढायला लावला. खाली सह्यांच्या दोन चौकटी. काढणार, तिथे माझी आखूड सही. तपासणार, तिथे तुमची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. ते शेपूट बघितलं आणि तो दिवस आठवला.

तुम्ही तुमच्या गावाहून, चामटोलीहून यायचात. चपलेला भातखाचरातला चिखल घेऊन यायचात आणि ऑफिसच्या पायरीवर तो खरवडून आत शिरायचात. मी नवी असताना एक नाला हद्दीच्या रेषेपर्यंत काढून थांबवला होता. पलीकडचं दुसऱ्याचं गाव, आपल्याला काय करायचंय, असा माझा हिशेब. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "पानी काय तुजी हद्द बघून मागारी फिरतं का गो?" सगळे हसले. मी संडासात जाऊन रडले. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवलीत आणि सांगत बसलात, की तुमच्याकडे वरच्या खाचराचा बांध फोडायचा तर आधी खालच्याला हाळी घालतात. "पानी सोडतोय रे!" म्हणून. खालून ओ आली तरच कुदळ उचलायची. भांडण असलं, बोलणं बंद असलं, तरी हाळी घालायचीच. "आपला नकाशा म्हंजे ती हाळी," तुम्ही म्हणालात. मी मान डोलावली, खरं सांगायचं तर तेव्हा माझं लक्ष भाकरीवर होतं.

म्हणून तुमचा नियम: जिथे दोन कागद जुळतात, त्या जोडावर काढणाऱ्याने स्वतः चालून यायचं. त्याशिवाय तुमची सही नाही. मी नोकरीत कायम झाले तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले आणि तुम्ही उलट मलाच बूट आणून दिलेत, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातले, मळखाऊ रंगाचे कापडी. एक माप मोठे. "आत मोजे घाल, बसतील." सही मागायला कोणी आलं की तुम्ही एकच विचारायचात, "चालून आलास?" आणि उत्तर यायच्या आत त्याच्या पायांकडे बघायचात. चिखल दिसला की पेन उघडायचं. ऑफिसात त्याला सगळे पायपूजा म्हणायचे, तुमच्या माघारी.

त्या ओढ्याच्या कागदाच्या दिवशी माझ्या बहिणीचा साखरपुडा होता, अंबरनाथ पूर्वेला. मी नवी साडी नेसून आणि राणी रंगाच्या नव्या सँडल घालून ऑफिसला आले होते, चारला परस्पर निघणार म्हणून. दुपारी दोन कागद शेजारी ठेवले तर वरच्या शहराच्या कागदावर ओढा रुंद येत होता आणि खालच्यावर अगदी चिंचोळा. दोघांपैकी कोणीतरी एक चुकलं होतं, आणि कोण ते बघायला उन्हातून काट्याकुट्यात जायला हवं होतं. मी ब्लेड घेतलं. रुंद बाजूच्या रेषा खरवडून काढल्या, हळूच तिरप्या करत चिंचोळ्या बाजूला नेऊन मिळवल्या, वरून शाई फिरवली. काम इतकं सफाईदार झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता आणि तीन महिन्यांवर निवृत्ती आली होती. तुम्ही सही केलीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

शुक्रवारी साहेबांनी दोन्ही सह्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "तपासणारे वारले ना? मग सोपं आहे. टिपण लिहा, तपासणीत राहून गेलं म्हणून. गेलेल्या माणसाला कोण नोटीस देणार? तुमचं पेन्शनही नीट राहील." मनाने वाईट नाहीत हो ते, माझ्या भल्याचंच बोलत होते. आणि मी, मास्तर, मी मान हलवली. होकारार्थी. दोन रात्री ती मान मला झोपू देत नाहीये.

आज सकाळी उठून ओढ्यावर गेले. तुमचे बूट माळ्यावर होते, खोक्यासकट. कधी घातलेच नव्हते, मापाने मोठे म्हणून. आज मोजे घालून घातले आणि निम्म्या वाटेत एकाचा तळ सुटून जीभ काढल्यासारखा लोंबायला लागला. तशीच फटक फटक करत गेले. काठावर आता सोसायट्या आहेत. तळमजल्यावरच्या एक बाई दार धूत होत्या, मला बघून म्हणाल्या, "सर्वेवाल्या का तुम्ही? बघा ना, दर पावसाळ्यात इथपर्यंत येतं." त्यांनी भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला बोट ठेवलं. पिठाचे, तांदळाचे डबे कायमचे लोखंडी रॅकच्या वरच्या फळीवर. मी विचारलं, घर घेताना कोणी सांगितलं नाही? "घेताना आम्ही विचारलं की हो, नाल्याचं काय म्हणून. तर बिल्डरने नकाशाच दाखवला. बोलला, देखो, छोटा नाला है. सरकारी शिक्का होता त्याच्यावर, मग आम्ही काय बोलणार?" मी खाली बघत राहिले, सुटलेल्या तळाकडे. त्याच पुढे म्हणाल्या, "पण आता समोर हॉस्पिटल होतंय म्हणे. लवकर होऊ दे बाई. सुनेला बाळंतपणाला ठाण्यापर्यंत नेली, रिक्षातच झाली असती." समोरची जागा त्यांच्या दारापेक्षाही सखल आहे. तिथे तळमजल्यावर खाटा लागतील. आणि मी उद्या बोलले तर ती जागा जाईल. तिघांचं एकमत पुन्हा होईपर्यंत अजून किती सुना रिक्षात बसतील, सांगता येत नाही. दोन्हीकडून माझ्याच जिवाला घोर.

घरी येऊन टिपण लिहिलं. प्रत्यक्ष पाहणी न करता दोन कागदांमधला फरक मी मनाने जुळवला, चूक संपूर्ण माझी, रुग्णालयाची जागा पुन्हा तपासावी. उद्या साहेबांच्या हातात देण्याऐवजी बैठकीत उभी राहून वाचणार आहे. तिघांनाही एकदमच ऐकू जाऊ दे. नोटीस आली तर माझ्या नावाने येईल. तुमच्याबद्दल एवढंच लिहिलं, की तपासणाऱ्यांना मी खोटी माहिती दिली.

ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही, आणि उरलेलं मी टिपणात घालणार नाही. त्या दिवशी तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "चालून आलीस?" मी म्हटलं, हो. तुम्ही वाकून माझ्या पायांकडे बघितलंत. जरा वेळ बघितलंत. मग पेन उघडून सही केलीत. मोतीबिंदू होता, दिसलं नसणार, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. पण कागद गुंडाळून मी दारापाशी पोचले तेव्हा तुम्ही मागून, अगदी हळू, म्हणाला होतात, "सँडल चांगल्या हायत गो."

मास्तर, मला ते ऐकू आलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि जिना उतरले.