बाबांचा सेट, मूळ रूपात

२ जानेवारी. सकाळ.
संकल्प केला. बाबांचा वायरलेस सेट मूळ रूपात आणायचा. पलटणीतून भंगारात निघाला तेव्हा त्यांनीच उचलून आणला होता. रोज सकाळी हेडफोन लावून खरखर ऐकत बसतात. मध्येच एखादं परकं स्टेशन लागलं की हसतात. आजारपणात वाचा गेली, तेव्हापासून एवढंच काय ते हसू. त्यांच्यासाठीच करतोय. नियम एकच: मूळ डिझाइनला धक्का लावायचा नाही.

१० जानेवारी
सेट उघडला. दिव्यांसारख्या दोन काचेच्या व्हॉल्व्हच्या मध्ये चक्क बूटपॉलिशच्या डबीचं झाकण! सोल्डरचा डाग देऊन पक्कं बसवलेलं. सर्किटच्या नकाशात नाही. कुणा अर्धवटाचा उद्योग, देव जाणे. काढलं, भंगारवाल्याला देऊन टाकलं. ही म्हणाली, बाबांना विचारलंत का? म्हटलं, त्यांना कशाला त्रास.

११ जानेवारी
सेट नुसती शिट्टी मारतोय. अपेक्षितच. जुन्या मशीनला रुळायला वेळ लागतो. बाबांनी हेडफोन लावले, काढले, परत लावले. मग माझ्याकडे बघत बसले. कौतुकाने असावं.

१४ जानेवारी
मेहुण्याचं रेडिओ रिपेअरिंगचं दुकान. म्हणाला, भावजी, आत छोटा रेडिओ बसवून देतो, पाच मिनिटांचं काम. चहासुद्धा विचारला नाही त्याला. ही माझ्याशी बोलत नाहीये. तत्त्वाची किंमत मोजावीच लागते.

१९ जानेवारी
शिट्टी थांबली! शेवटी जमलं. (व्हॉल्व्हही पेटत नाहीत. ते नंतर बघू.) आधी रंग.

२ फेब्रुवारी
रंग झाला. काय देखणा दिसतोय! बाबा खुर्ची ओढून समोर बसतात, पण हेडफोनला हात लावत नाहीत. जेवण अर्ध्यावर आलंय. हवा बदलली की होतं असं.

९ फेब्रुवारी
बाबा मला बघितलं की बोटाने हवेत गोल काढतात. बिस्किट दिलं. भिरकावलं. चिडचिड वाढलीये.

२१ फेब्रुवारी
व्हॉल्व्ह जळालेत. तसले आता कुठेच मिळत नाहीत. दुसऱ्या बनावटीचे बसतील, पण डिझाइन बदलावं लागेल. शक्य नाही.

१ मार्च
बाबांच्या पलटणीतले काका भेटायला आले. आल्या आल्या त्यांना म्हणाले, काय रे डबीवाल्या! मग मला सांगत बसले. म्हणे कारखान्यातून हे सेट यायचे तेच शिट्टी मारत, आणि आठवड्याभरात जळायचे. बाबांनी स्वतःच्या बूटपॉलिशचं झाकण आत बसवलं, म्हणून एवढा एकच जगला. झाकण बघू म्हणाले.
म्हटलं, काका, म्हणजे आता हा अगदी कारखान्यातून आला तसा आहे.
बाबांनी कपाटातून हेडफोन काढले, माझ्या हातात दिले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायलाही उठले नाहीत.
मी लावून बघितले. काही ऐकू येत नाही. हेडफोनची वायर तपासायला हवी.