शंकरसिंगनं ओ दिली नाही

१० मार्च २०२५
पांढरकवड्याला डॉ. गझालांकडे जाऊन आलो. उपाशीपोटी साखर २७८. बीपीही वर. महिनाभरात खाली नाही आली तर इन्सुलिन म्हणाल्या. रोज सुई, आपल्याच हातानं, आपल्याच पोटात! मशीन चायनाचं वाटलं. बाहेर मेडिकलवाल्याकडून पुन्हा तपासून घेतलं, २८१. त्याचंही चायनाचंच.
डॉक्टरबाईंनी आत विचारलं होतं, काका, हे कधीपासून? म्हटलं, पाच वर्षं. त्याच्या आधी काही झालं होतं? म्हटलं, काही नाही, वाघ आला होता फक्त.
संकल्प : रोज चार किलोमीटर चालणे. गोड बंद. राग बंद. (राग मी तसाही करत नाही.)

११ मार्च, पहाटे
तांड्यातून रस्ते दोनच. एक जंगलाकडं जातो, तिकडं धूळ फार. दुसऱ्यावर शंकरसिंगचं घर, आणि त्याचं तोंड पाहायचं नाही हे माझं पाच वर्षांपासून फिक्स आहे. म्हणून अंगणातच चाललो. चाळिसाव्या फेरीला बायको, बिजलीबाई, म्हणाली, आता आंगण झाडू द्याल का मले?

१४ मार्च, होळी
सगळा तांडा लेंगी, आमची होळीची गाणी, गात होता. शंकरसिंग गुलाल घेऊन थेट माझ्या दारात. मी आत जाऊन पिठाची चक्की सुरू केली. सणाला कोणाचं दळण नव्हतं, रिकामीच चालवली. चार पोळ्या खाल्ल्या, पुरणाच्या. हे पाप त्याच्या डोक्यावर.
ती गोष्ट मी केव्हाच विसरलो आहे, तरी एकदा लिहून ठेवतो. पाच वर्षांपूर्वीचा एप्रिल महिना, पहाटे सव्वापाच. आम्ही दोघं मोहफुलं वेचायला गेलो होतो. वेचणारे लांब-लांब पांगतात, पण थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, हा आमच्याकडचा नियम. वाघ आला. मी झाडावर. जीव तोडून ओरडलो, शंकरऽऽ! माझा आवाज चक्की सुरू असताना रस्त्यापलीकडं जातो. त्याची ओ नाही. ऐकू आली ती त्याची मोटरसायकल, लांब लांब जाणारी. लहानपणापासून एका ताटात जेवलेला माणूस! साडेसातला फटाके, डफडे घेऊन लोक आले, त्यात हाही पुढं. शिवाय रडत होता. नाटक सगळं.

२२ मार्च
झोप नाही. कुठं मोटरसायकल सुरू झाली की घाम फुटतो. यंदा गर्मी लवकर आली.
दवाखान्याची आशाताई, जया, माझं वजन करून गेली. दोन किलो वाढलं. काय खाता म्हणाली. काहीच नाही म्हटलं. बिजलीबाईनं पिठाच्या डब्यामागून बिस्किटांचे पुडे काढून तिच्यासमोर ठेवले. बायकोही फितूर.

२९ मार्च
२९४. गझालाबाईंनी आज सगळं खोदून विचारलं, वाघासकट. म्हणाल्या, मोठा धक्का बसला आणि तो मनातच राहिला, तर शरीराला वाटतं संकट अजून समोरच आहे. पळायला ताकद पाहिजे म्हणून ते रक्तात साखर सोडत राहतं. झोप जाते, बीपी वाढतं, पोट सुटतं. काका, तुम्ही उतरले झाडावरून, तुमचं शरीर अजून वरच हाये.
डॉक्टर हुशार आहेत, पण हे जरा जास्तच झालं. वर म्हणाल्या, गोळ्या घ्याच, पण त्या दोस्ताशी एकदा बोला.
बोलणार नाही.

६ एप्रिल
गेलो. बोलायला नव्हे, माफ करायला. भाषण पाठ केलं होतं. दगाबाज हा शब्द तीनदा होता, प्रत्यक्षात पाचदा आला.
त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हरी, मी तुले अकरा डाव हाक देल्ली. तू एकडाव ओ नाही देल्ली. मले वाटलं, तुले नेलं. गाडी काढली ते तांडा उठवाले.
म्हटलं, मी ओरडत होतो! उठून आलो. खोटारडा.

६ एप्रिल, संध्याकाळी
बिजलीबाईला सहज विचारलं, त्या दिवशी माझा आवाज कसा होता? म्हणाली, आवाज कायचा? तीन दिवस तोंडातून शब्द नाही निघाला तुमच्या. पानी पाह्यजे तं हातानं दाखवत होते.
मला ते ओरडणं अजून ऐकू येतं. ते आतल्या आतच झालं म्हणायचं, आणि त्याच्या अकरा हाका त्याखाली बुडाल्या. म्हणजे दगा दिला तो माझ्या गळ्यानं, आणि पाच वर्षं अबोला धरला शंकरसिंगशी. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

१० एप्रिल
३०२. इन्सुलिन ठरलं.
दवाखान्याच्या बाकावर शंकरसिंग. त्याला दोन वर्षांपासून इन्सुलिन आहे, मला पत्ताच नाही. त्यालाही बाईंनी विचारलं होतं, आधी काही झालं का म्हणून. तोही म्हणाला होता, काही नाही.
त्यानं शर्ट वर करून पोट दाखवलं. म्हणाला, बेंबीपासून दोन बोटं सोडून घेत जाय, आन् जागा रोज बदलव. सिस्टरनं सुई माझ्या हातात दिली. मी तीनदा टोपण काढलं, तीनदा लावलं, शेवटी ती त्यानंच घेतली आणि टोचली.
अजिबात दुखलं नाही. फार दुखलं, असं त्याला सांगितलं.