देव आता झिजत नाही

घोडनदी, शिरूर
२१ जानेवारी २००३

प्रिय विक्रम,

घुंईंऽ करत बफिंगची, घासून चकाकी आणायची मोटर सुरू व्हायची आणि सायकलचं हँडल चाकाला टेकलं की तिचा सूर खाली उतरायचा, दुपारच्या वर्गात कविता म्हणता म्हणता पोरं दमतात तसा. त्या आवाजात तू झोळीत झोपायचास. मोटर थांबली की रडायचास. तुझी आई आतून ओरडायची, "अहो, लावा ती मशीन, पोरगं उठलं!" लाईट गेली की मीच तोंडानं घुंईं करायचो. आज सकाळपासून तोच आवाज कानात आहे.

रविवारी जेवता जेवता तू म्हणालास, "आप्पा, रांजणगावची नोकरी सोडतो. आपलं प्लेटिंगचं दुकान परत चालू करू." मी गप्प बसलो. तू समोर असलास की मला बोलता येत नाही, आणि फोनच्या बूथवर आनंदराव कान देऊन बसलेला असतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

तुझा जीव का उडाला ते मला कळतं. दिवसभर फ्रिजच्या जाळ्या आकड्याला अडकवायच्या, त्यांच्यावर रंगाची पावडर उडणार, भट्टीतून त्या पांढऱ्याशुभ्र होऊन निघणार, आणि त्यात तुझा हात कुठं दिसणार नाही. सुपरवायझर तुला "ए लाईन दोन" म्हणून हाक मारतो, हे तू हसत सांगितलंस, पण घास हातातच राहिला होता.

आपल्या दुकानात घड्याळ नव्हतं, आठवतं? मी कवितेवर काम करायचो. हिरव्या निकेलच्या टाकीत माल सोडला की चौथीच्या पुस्तकातली लांबलचक कविता सावकाश, तीनदा. मग पाण्यात विसळून लालभडक क्रोमच्या टाकीत, तिथं नुसती दोन कडवी. कविता घाईनं म्हटली तर चकाकी पातळ यायची. हौशीराम कारागीर म्हणायचा, "आप्पा, आज कविता गिळली जनू तुम्ही. हे हँडल बघा, पार आजारी दिसतंय."

आणि मळ्यातल्या खंडोबाचा मुखवटा! जत्रेआधी मांडवगणहून मल्हारी पुजारी तो घोंगडीत गुंडाळून आणायचा, मी उपास धरून त्यावर चांदी चढवायचो. वर्षभर लोकांचे हात लागून कपाळावरची चांदी उडालेली असायची, खालचं पितळ उघडं पडायचं. बाया त्या जागेवर अंगठा टेकून म्हणायच्या, देवानं एवढी पीडा अंगावर घेतली. ती झीज भरून काढायचं काम आपल्या घराकडं होतं. माझ्या आयुष्यात त्याहून मोठं काम मी केलं नाही.

यंदा मल्हारी रिकाम्या हातानं आला. मुखवट्यावर पुण्याला कसलंसं सोनेरी कोटिंग करून आणलंय. बंद पेटीत, हवा काढून घेऊन चढवतात म्हणे. चाकूनं ओरखडा उठत नाही. मी जाऊन पाहिलं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. मल्हारी मात्र उंबऱ्याशी बसून म्हणाला, "आप्पा, देव आता झिजतच न्हाई. म्हातारी दगडाबाई कपाळ चोळचोळ चोळती आन् म्हणती, माझी पीडा जाती कुठं मग?" सायकलवाले तयार हँडल आणतात, घरोघरी स्टीलची भांडी आली, देवही गेला. दुकानात आता काम येणार नाही, बाळा.

पण एवढंच असतं तर मी तुला ये म्हणालो असतो. दोघं मिळून रिकामे बसलो असतो, कविता म्हटल्या असत्या. दिवाळीनंतर नाकातून रक्त येतं म्हणून तुझी आई मला पुण्याला घेऊन गेली होती. डॉक्टरांनी एका नाकपुडीत बॅटरी धरली आणि हातात आरसा दिला. उजेड दुसऱ्या नाकपुडीतून आरपार आला. मधल्या पडद्याला भोक आहे. क्रोमच्या टाकीवरची ती पिवळी वाफ, जी मी तोंड उघडून कविता म्हणत म्हणत आत ओढली, तिनं ते पाडलं. छातीच्या फोटोतही डाग आहे, आणि त्यावर आता फार काही करण्यासारखं नाही. हौशीराम दम्यानं गेला असं आपण सगळे म्हणत होतो. भाकरी करपली तरी मला कळत नाही, तुझी आईच सांगते. तिनं मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. ती मी मोडतो आहे, कारण रविवारचं माझं गप्प बसणं तू होकार समजला असशील अशी धास्ती वाटते. विक्रम, येऊ नकोस. लाईन दोन तर लाईन दोन. त्या टाकीवर तुला वाकलेलं मी पाहू शकणार नाही.

तुझाच,
आप्पा

पाकिटाला खळ लावत होतो, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. तुझ्या आईनं कडी काढली. सूनबाई मोनाली आहे. एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात देवाचं ताट, मागं टेम्पोत तुमची कॉट आणि पंखा. म्हणते, "आप्पा, ह्यांनी सकाळीच राजीनामा दिला. मला सामान घेऊन पुढं धाडलं. हे दुकानाच्या नव्या पाटीचं माप सांगून मागनं येत्यात."