रुंद पानाची वडी मला देऊ नये

मी, एर्गश वल्द तुर्सुन, धंदा भांगेची शेती व चरस चाळणे, राहणार मौजे चहारतूत, बल्ख शहराच्या उत्तरेस, असे लिहून ठेवतो की, माझी अक्कल ठिकाणावर आहे. अक्षर माझेच आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. बायको आयजमाल दाराला पाठ लावून बसली आहे, तो दाब धरू नये. मी उठून शेतावर पळू नये म्हणून ती तिथे बसली आहे. कागद कायद्यात बसावा म्हणून बोलावलेले लेखनिक मिर्झा नूरुल्ला आणखी एक वाक्य घालायला सांगतात, म्हणून घालतो: आज सकाळपासून मी कोणतीही नशा केलेली नाही. हिरवा चहा प्यालो आहे आणि तोही कोमट होता.

माझ्या पोटात गाठ आहे. मझार शहरातल्या डॉक्टरने बोटे दाबून पाहिली आणि मग माझ्याशी न बोलता माझ्या मुलाशी बोलला, तेव्हाच मला काय ते कळले. या वर्षीची तुती पिकेल तेव्हा मी असेन असे कोणी म्हणत नाही.

कलम पहिले, घर व जमीन. शरियतीने बायकोचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलगा रोझी याचे दोन वाटे आणि आकचाला दिलेली मुलगी सनोबर हिचा एक, हे ठरलेलेच आहे. वारसांच्या वाट्यात मृत्युपत्राने बोट घालता येत नाही आणि बाहेरच्या माणसाला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देता येत नाही, असे मिर्झा मला घटकेघटकेला सांगत आहेत. "मग हा कागद कशाला, बाबा?" असे रोझी विचारतो. कागद अशासाठी की, शरियतीच्या वाटपात जे बसत नाही ते माझ्या पोटात गाठीशेजारी बसून आहे. एवढेच सांगतो की, तंदुराकडची खोली आयजमालची आहे. सून आली, नातवंडे आली, पाहुणे आले, तरी तिला तिथून हलवू नये.

कलम दुसरे, चाळण्या. माझ्या बापाच्या रेशमी कापडाच्या चाळण्या मी आत्ताच भिंतीवरून काढून रोझीच्या हातात दिल्या. हयातीत दिलेली वस्तू दिलीच, असे मिर्झांचे मत पडले. रोझीने लक्षात ठेवावे की, हाडे गोठवणारी थंडी पडल्याशिवाय चाळायला बसायचे नाही आणि कापडावर जोर करायचा नाही. पहिल्या हाताची, म्हणजे पहिल्यांदा चाळून पडलेली भुकटी वेगळी ठेवावी, तिच्यात मागची मिसळून लोकांना टोपी घालू नये. घाई करू नये. घाई करण्याचा मान या घरात फक्त माझा होता.

येथे शाई बदललेली दिसेल. मी उठून पाटापर्यंत जाऊन आलो. पाणी सोडले आहे की नाही ते पाहायचे होते. सोडलेले होते. आयजमाल शाल घेऊन मागोमाग आली आणि मागोमाग परत आली.

कलम तिसरे, बियाणे. रुंद पानाच्या भांगेचे बी कोठीतल्या मातीच्या रांजणात आहे. हे आमच्या मातीचे झाड आहे. छातीच्या वर जात नाही, पान तळहाताएवढे, रंग जवळजवळ काळा, आणि बर्फ पडायच्या आत पिकून मोकळे होते. याच्या चरसाची तऱ्हा अशी की, तो गुडघ्यापासून सुरू होतो. मग पाठ सैल पडते, मग जीभ. आमच्या चायखान्यात माणसे एकमेकांचा गळा धरायला येतात आणि लोडाला टेकून घोरू लागतात. दुखणेकऱ्याचे दुखणे याने जात नाही, पण दुखणे पलीकडच्या खोलीत गेल्यासारखे वाटते. साऱ्या बल्खला निजवणारा माणूस म्हणून लोक मला ओळखतात. मी स्वतः मात्र जन्मात धड एका जागी बसलेलो नाही. जेवताना उठतो, नमाज संपला न संपला की उठतो. आई म्हणायची, "ह्याच्या बुडाला देवाने खिळे ठोकलेत." खिळे असते तर बसलो असतो, उलट कोणीतरी खालून टोचत असल्यासारखे वाटते.

कलम चौथे, गाढव. हे माझ्या बायकोचा भाऊ बायमुराद याला द्यावे. तिसऱ्या हिश्शात ते सहज बसते आणि दोघांचे जमेल. कारण लिहून ठेवतो. हा मेव्हणा ट्रक चालवतो. पार हिंदुस्थानच्या दक्षिणेकडून आलेले बारीक पानाचे बी याने कोणाकडून तरी मिळवले, जुन्या मोज्यात घालून आणले आणि माझ्या शेताच्या वाऱ्याकडच्या अंगाला पेरले. झाडे दीड पुरुष वाढली, पाने सुकलेल्या बोटांसारखी. आमच्याकडे नर झाड दिसले की उपटतात, लहान पोरालाही हे ठाऊक असते. मी सांगायला गेलो तर हा म्हणतो, "असू द्या हो दाजी, बिचारी किती छान फुललीत!" ती फुलली आणि वाऱ्याने त्यांचा सगळा पराग माझ्या शेतात आणून टाकला.

त्या परागाने माझ्या झाडांना जे बी धरले, त्याचे पुढच्या वर्षी जे उगवले त्याचा चरस चायखान्यात गेला आणि कोणी निजेना. बारीक पानाचा अंश गुडघ्यात उतरत नाही, तो सरळ डोक्यात चढतो. माणूस उठतो, बोलतो, गातो, नको ते बेत करतो. नानबाई भट्टी सोडून गात बसला आणि गावाने शिळा नान खाल्ला. वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोघे चुलतभाऊ बोलू लागले, आणि बोलता येऊ लागल्यामुळे दुपारपर्यंत पुन्हा भांडले. चायखानेवाला माझ्या अंगावर आला. "उस्ताद, हे काय देऊन ठेवलंत? गिऱ्हाईक बसतच नाही. बसलं नाही तर माझा चहा कोण पिणार?" ते मिसळलेले बी निवडून काढायला माझ्या उमेदीची वर्षे गेली.

मात्र खोटे लिहिणार नाही. बारीक पानाची वडी मी स्वतः खाऊन पाहिली होती. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. तरीही मला बरे वाटले होते, कारण त्या दिवशी सारे जग माझ्याइतक्याच वेगाने चालले होते. तिची एक बरणी आजही फडताळात आहे. बायमुराद साक्षीदार म्हणून येथेच बसला आहे. खांद्यावरून वाचून म्हणाला, "दाजी, गाढव नको. माफी द्या." मी म्हणालो, "गाढव घे. माफीचं बघू."

पुन्हा उठलो होतो. या वेळी फक्त अंगणात.

कलम पाचवे. या कागदातले खरे कलम हेच आहे, बाकीचे याच्यासाठी जमवलेले समजावे. माझे वडील तुर्सुन यांना छातीचे दुखणे होते. घरात रुंद पानाला तोटा नव्हता. आम्ही त्यांना दूध, साखर आणि मेंढीच्या चरबीत शिजवलेली वडी देत गेलो आणि ते शांत होत गेले. मी मझारहून धावत आलो, उशाशी बसलो आणि म्हणालो, "बाबा, मी आलोय. एर्गश." ते हसले. ते हसू माझ्यासाठी नव्हते. छतासाठी असावे किंवा कोणासाठीच नसावे. तसेच हसत ते गेले. लोक म्हणाले, किती सुखाने गेले! ते सुखाने गेले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांनी मला ओळखले नाही आणि मला त्याचे अजून वाईट वाटते.

म्हणून मी लिहून ठेवतो की, शेवटच्या दिवसांत मला कितीही दुखले, मी ओरडलो, शिव्या दिल्या, भिंतीला डोके आपटले, तरी रुंद पानाची वडी मला देऊ नये. चहात कालवून देऊ नये, शोरब्यात देऊ नये. बारीक पानाची मागितली तर द्यावी. मला रोझी कोण आणि आयजमाल कोण हे कळत असताना जायचे आहे.

हे वाचून मिर्झांनी लेखणी कानामागे ठेवली. म्हणाले, "उस्ताद, ही काही मालमत्ता नव्हे. काझी यात पडणार नाही. हे ज्याच्या हातून व्हायचं, त्याचा अंगठा इथे हवा. नाहीतर हे नुसतं बोलणं."

ते ज्याच्या हातून व्हायचे ती दाराशी बसली होती. पुढचे बोलणे झाले तसे लिहितो.

"माझा अंगठा मिळणार नाही," आयजमाल म्हणाली.

"का?"

"कळ आली की तुम्ही भिंत नखांनी खरवडता. ते मिर्झासाहेबांना ऐकू येत नाही, मला येतं. तेव्हा मी हाताची घडी घालून बसू होय?"

"तू शेजारी बस. मला तेवढं पुरे."

"बसले असते हो, रोझीचे बाबा! तुम्ही बसू देता कुठं? तुम्ही पाटावर की मी पाटावर, तुम्ही गोठ्यात की मी गोठ्यात. दुखणं एकाला आणि जागरण दोघांना. एक वडी घ्या, गप पडा, मग मागाल तिथं अंगठा देते."

"पडलो की मग अंगठ्याचा उपयोग काय?"

रोझीने मध्ये तोंड घातले. "आई, दे की अंगठा. पुढं काय करायचं ते तू कर. बाबांना कुठं कळणार आहे?"

"गप रे! अंगठा दिला म्हणजे दिला. फसवून अंगठा द्यायला मी काय बाजारात बसलेय?"

एवढे बोलून तिने सामोवारखाली पेला धरला आणि तोटी सोडली. चहा पेल्याशेजारी पडत राहिला. तिच्या ते ध्यानातच आले नाही. गालिचा भिजला तेव्हा बायमुराद म्हणाला, "अगं ताई, बघ तरी!" तिने पाहिले आणि पुसायला फडके घेण्याऐवजी ती नुसती फडक्याकडे पाहत बसली. इतके दिवस ती माझ्या मागे होती, म्हणून मला तिचे तोंड दिसले नव्हते. आज दिसले. डोळे खोल गेले होते आणि तोंड माझ्याहून दुखणाईत दिसत होते. माझी मलाच लाज वाटली.

कलम सहावे. रुंद पानाच्या वड्यांची बरणी मी आत्ता, हयातीत, साक्षीदारांसमक्ष माझी पत्नी आयजमाल हिच्या हातात दिली आहे. आमच्याकडे बायका वड्या करतात, खात नाहीत. लग्न होऊन आल्यापासून तिने इतक्या वड्या थापल्या, पण कधी बोट चाटले नाही.

"खा एक," मी म्हणालो.

"मी निजले तर तुमच्याकडे कोण बघणार?"

"मी तुझ्याकडे बघतो."

"तुम्ही? तुम्हाला एका जागी बसता येतं?"

"नाही येत. बघू जमलं तर."

तिने मिर्झांकडे पाहिले, भावाकडे पाहिले, मग शालीआड तोंड करून लहानशी वडी खाल्ली. "अगं बाई! एवढी साखर घालते मी, तरी कडूच की!" बायमुराद हसता हसता लवंडला. मग आम्ही चहा घेतला, पुन्हा पाणी तापवले, पुन्हा चहा घेतला. तिने दोनदा सांगितले की हे काही लागत नाही, तुम्ही लोकांना उगीच लुबाडत आलात. मग म्हणाली, "पाय कुठं गेले माझे?" आणि थोड्या वेळाने, "बरं वाटतंय हो." डोके टेकायला लोड शोधता शोधता ते माझ्या उजव्या मांडीवर आले आणि तेथेच राहिले.

कागद आता डाव्या गुडघ्यावर आहे, म्हणून ओळी वाकड्या जात आहेत.

सह्यांच्या वेळी पाचव्या कलमाचा अंगठा राहिला. रोझी शाईची डबी घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, झोपेतच लावून घेऊ. तिला कळायचंही नाही." बायमुरादने मान डोलावली. मिर्झांना नेमके त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी पाहायचे होते. रोझीने तिचा हात उचललासुद्धा. तो हात सैल होता, लावला असता तर अंगठा छान उमटला असता.

मी म्हणालो, "खाली ठेव तो हात."

"मग तुमचं कलम?"

"खाली ठेव म्हणतो ना! आणि हळू बोल."

म्हणून पाचवे कलम हे आता नुसते माझे बोलणे आहे. तिने पाळले तर पाळले. तिच्याने माझे हाल बघवले नाहीत आणि तिने मला रुंद पानाची वडी दिली, तर कोणी तिला बोल लावू नये, रोझीने तर मुळीच नाही. त्या वेळी मी छताकडे बघून हसलो, तर ते हसू आयजमालसाठी आहे असे समजावे. हे मी आजच, सगळे कळत असताना सांगून ठेवतो.

गाठ दुखू लागली आहे, चांगलीच. मी उठलेलो नाही.

मौजे चहारतूत, २५ हमल, म्हणजे वसंताचा पहिला महिना, हिजरी शमसी सन १३४८.

लिहून ठेवणार: एर्गश वल्द तुर्सुन (सही, बसल्या जागेवरून)

साक्षीदार: मिर्झा नूरुल्ला, लेखनिक (सही व शिक्का)

साक्षीदार: बायमुराद वल्द शादमान (सही; गाढव मिळाले)

हजर: रोझी वल्द एर्गश (सही)

आयजमाल बिन्त शादमान: अंगठा नाही. निजली आहे, उठवू नये.