ज्याचे चित्र, त्याला आधी

त्या सकाळी नळाला कावेरीचे पाणी आले होते, म्हणून मी आधी टाकी भरायला लावली, अंगण झाडून सडा घातला, दुधाची पिशवी कापून पातेले गॅसवर ठेवले आणि ज्वारीचे पीठ मळायला घेतले. तवा तापला तसा माझा नवरा कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सहा वर्षे तो रोज सकाळी तिथेच उभा राहत होता. शेवटची भाकरी टोपलीत टाकली तेव्हा टाकी भरून वाहू लागल्याचा आवाज आला. मी म्हटले, "पुरे आता, दारातून बाजूला हो." एवढे बोलून मी नळ बंद करायला गेले. परत आले तेव्हा तो गच्चीच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला होता. कॅमेरा मांडीवर होता आणि तो गेलेला होता.

ही गोष्ट २०२२ च्या नोव्हेंबरची. माझे वकील वेदांत मुतालिक यांचे म्हणणे, मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत. त्यांनी दिलेला मजकूर मी खाली घेतला आहे. पण या कागदावर ज्या एका वस्तूचा निकाल लावणे मला खरोखर जड जाते आहे, त्या वस्तूत तीच सकाळ आहे.

तर, मी कस्तुरी रॉस टिंडल, माहेरची कस्तुरी नारायणराव पिसे, वय एकोणसत्तर, राहणार राजाजीनगर, बेंगळुरू, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा लावला की दिसते, आणि गुडघे सोडले तर बाकी शरीराची तक्रार नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, भुलवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे वाचन मी इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणि नवऱ्याच्या कागदांवरून शिकले. त्यामुळे भाषेत काही उणे असेल तर ते माझे आहे, वकिलांचे नाही.

कलम १. राजाजीनगरचे घर माझ्या वडिलांनी मला दिले आणि चिकपेटचे शिलाईचे दुकान माझा भाऊ रघुपती याला दिले. ते घर मी रघुपतीची मुलगी नीला हिला देते. ती गेली दहा वर्षे माझ्याजवळ राहते, तिच्या कंपनीची गाडी पहाटेच व्हाइटफील्डला निघते, तरी माझ्या गोळ्या काढून ठेवल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिचेच. तिने घर विकले तरी चालेल. फक्त गच्चीवरचे दोन लोखंडी खांब काढण्याआधी एकदा त्यांना हात लावावा. त्यांना चादर बांधून या घराने सात चित्रपट पाहिले आहेत.

कलम २. माझे शिलाईचे मशीनही नीलाला. खणात इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पिवळे कात्रण आहे, ते टाकू नये. त्याची हकीकत अशी.

रॉस ऑस्ट्रेलियाहून १९८७ साली इथे आला. त्याला पीण्या या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांवर चित्रपट करायचा होता. कॅमेऱ्यात रीळ भरताना त्याला उजेड लागून चालत नाही, म्हणून बाह्या असलेली एक काळी पिशवी लागते. हात आत घालून अंधारातच काम करायचे. त्याची पिशवी लॉजवरच्या उंदराने कुरतडली. ती घेऊन तो आमच्या दुकानात आला. वडिलांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बाह्या आहेत, गळा नाही. हा कसला सदरा?" नवी पिशवी मी शिवली. दुहेरी कापड घेतले, शिवण आतून घेतली, आणि आमच्या घराण्याची सवय म्हणून शोभेसाठी वरून आणखी एक टीप मारली. ती टीप दोन्ही कापडांतून आरपार गेली. मद्रासहून रिळे धुऊन आली तेव्हा त्यांवर पांढरा धूर पसरलेला होता. रॉस पिशवी घेऊन परत आला. मी ती उन्हात धरली तर सुईच्या भोकाभोकातून उजेड येत होता. मला वाटले आता हा ओरडणार. तो दुकानाच्या पायरीवर बसून हसत सुटला. पुन्हा चित्रण करायला पैसे नव्हते, म्हणून धूर तसाच राहिला. पुढे तिकडच्या एका समीक्षकाने लिहिले की हा आठवणींचा धूर आहे आणि दिग्दर्शकाचे धाडस थोर आहे. तेच ते कात्रण.

त्यानंतर वर्षभराने आम्ही लग्न केले. मी चार बायकांसारखी त्याला "अहो" म्हणायला लागले, तर तो मागे वळून कोणाला हाक मारली ते बघायचा. म्हणून मग रॉस. इथली कन्नड भाषा त्याला फार थोडी आली. "स्वल्प" आणि "सरी" या दोन शब्दांवर त्याने या शहरात पस्तीस वर्षे काढली. ताटात वाढताना स्वल्प, थोडेसेच. आणि बाकी सगळ्याला सरी, म्हणजे बरे, ठीक आहे. रिक्षावाल्याला सरी, मी भांडले तरी सरी.

कलम ३. भिंतीवरची मोठी लोखंडी कात्री माझा भाऊ रघुपती याला. रघुपती माझ्या लग्नाला आला नाही. लोकांनी विचारले तर "आमचे पाहुणे पिक्चरवाले आहेत, पण त्यांचा पिक्चर कुठल्या टॉकीजला लागत नाही," असे सांगायचा. रॉस गेला त्या दिवशी चारचौघांत त्याने मला विचारले, "याचं काय करायचं, पुरायचं की जाळायचं?" मी ते विसरलेले नाही. तरी कात्री त्यालाच. ती माझ्या सासऱ्यांची आहे. ते मेंढ्यांची लोकर कातरायचे. ज्याचा जन्म कात्रीवर गेला त्यालाच तिचे वजन कळेल.

या कात्रीमुळेच मला रॉसचे काम कळले. त्याने पहिला लहानसा चित्रपट आपल्या वडिलांवर केला होता. दुष्काळाच्या वर्षी मेंढ्या माराव्या लागल्या, तेव्हा ते शेडमागे जाऊन रडले. रॉसने ते टिपले आणि गावच्या सभागृहात सगळ्यांबरोबर त्यांना पहिल्यांदा दाखवले. दिवे लागल्यावर ते उठले, टोपी घातली आणि चालत घरी गेले. पुढे मरेपर्यंत त्यांनी मुलाचा एकही चित्रपट पाहिला नाही. ते गेल्यावर टपालाने ही कात्री आली, चिठ्ठी नव्हती.

सभागृहातल्या त्या दिवसापासून रॉसने एक नियम धरला: ज्याचे चित्र, त्याला आधी. ज्याला चित्रपटात घेतले, त्याला तो सर्वांच्या आधी दाखवायचा. त्याने जे नको म्हटले ते कापायचे. का म्हणून विचारायचे नाही.

कलम ४. जुना रिळांचा कॅमेरा महांतेश हुक्केरी याला. महांतेश चिकोडीकडचा, पीण्यात टर्नर होता, मला अक्का आणि रॉसला रॉसण्णा म्हणतो. कॅमेऱ्याचे झिजलेले चाक त्यानेच लेथवर करून दिले. पीण्यावरच्या चित्रपटात तो तेवीस वर्षांचा आहे. त्यात एका जागी फोरमन त्याच्या कानाखाली मारतो. पीण्यात दोन शेडच्या मध्ये चादर बांधून रॉसने तो कामगारांना दाखवला. महांतेश शेवटपर्यंत बसला आणि मग म्हणाला, "तेवढं काढा. माझी सोयरीक चाललीय." सिडनीचा जो माणूस निम्मे पैसे घालणार होता, त्याने सांगितले की ती थप्पड म्हणजेच पिक्चर आहे. रॉसने थप्पड काढली. त्या माणसाने पैसे काढले. चित्रपट कुठल्याही थिएटरला लागला नाही, तो कॉलेजांतून आणि फिल्म सोसायट्यांतून फिरला. त्यानंतर कितीतरी वर्षे रॉस सहा-सहा महिने तिकडे जाऊन टीव्हीसाठी पोलिसांच्या मालिका लिहायचा आणि त्या कमाईवर इकडे आपले काम करायचा. मला एकदा राहवले नाही, मी म्हटले, एका थपडेपायी केवढे घालवलेस. तो म्हणाला, "थप्पड त्याची होती, माझी नव्हती."

कलम ५. रॉसला एकच बक्षीस मिळाले, काचेचे, वीट असावी तसे. गच्चीचे दार आपटू नये म्हणून आम्ही ते दाराशी लावायचो. ते शेजारच्या राजलक्ष्मी यांना द्यावे. त्यांचेही दार आपटते.

कलम ६. त्याच्या पटकथा त्याची पहिल्या लग्नाची मुलगी मॅडलिन हिला. लिहिलेले तो मला वाचून दाखवायचा. मी भाजी निवडता निवडता म्हणायचे, असे कोणी बोलत नाही. तो लगेच खोडायचा. पुढे मी शब्दकोश घेऊन स्वतः वाचायला लागले आणि पेन्सिलीने खुणा करायला लागले. त्या खुणा पुसू नयेत.

कलम ७. आता शेवटची वस्तू.

शेवटची सहा वर्षे रॉस माझ्यावर चित्रपट करत होता. माझ्या सकाळी, एवढाच विषय. मी म्हणायचे, अरे, यात काय आहे? तो म्हणायचा, पूर्ण झाला की तुला दाखवतो, मग तू सांग. पूर्ण व्हायच्या आधी तो गेला. ती शेवटची सकाळही त्यात आहे. मॅडलिनने दोन वर्षे बसून सगळे जोडले आणि डिस्क मला पाठवली. ती माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. मी ती लावलेली नाही.

मॅडलिन गुणी मुलगी आहे. बापाच्या थोड्या अस्थी तिने त्याच्या गावी, सासऱ्यांच्या शेडमागे नेऊन ठेवल्या. तिकडच्या एका मोठ्या महोत्सवाला हा चित्रपट हवा आहे आणि मार्चअखेर होकार कळवायचा आहे. ती फोनवर म्हणाली, "कस्तुरी, डॅडला हेच हवं होतं." मी म्हटले, "त्याला काय हवं होतं ते मला माहीत आहे. त्याला मला विचारायचं होतं." बाप आयुष्यभर तिच्याकडे येऊन-जाऊनच राहिला, आता तो तिला त्या डिस्कमध्येच सापडतो, हे मला कळते. पण ती सकाळ मला पुन्हा बघवणार नाही. मी बाजूला हो म्हटले याचे मला वाईट वाटत नाही. पस्तीस वर्षे मी त्याला तेच म्हणत आले. पण माझे ते शेवटचे शब्द चारशे अनोळखी माणसांनी अंधारात बसून ऐकावेत, हे मला नको. आणि ज्याने दाखवायचे तोच नाही, तर मी कोणाला सांगू?

म्हणून: मी तो चित्रपट न पाहता मेले, तर तो कोणालाही, कुठेही दाखवू नये. मॅडलिनने सर्व प्रती नष्ट कराव्यात. नियम त्याचाच आहे, मी फक्त पाळते आहे.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

कस्तुरी रॉस टिंडल (सही)
साक्षीदार: १. महांतेश बसप्पा हुक्केरी (सही) २. राजलक्ष्मी श्रीनिवासन (सही)
राजाजीनगर, बेंगळुरू. ९ फेब्रुवारी २०२५.

पुरवणी. ठिकाण तेच, ११ फेब्रुवारी २०२५. शेवटी त्याच दोन साक्षीदारांच्या आणि माझ्या सह्या आहेत. वाटेकऱ्यांना साक्षीदार करू नये असे मुतालिक म्हणाले, पण जुना कॅमेरा आणि काचेची वीट यांवरून कोणी भांडणार नाही.

रविवारी सही करण्याआधी महांतेशने सगळा कागद वाचला. साक्षीदाराने वाचायची गरज नसते असे मुतालिक म्हणाले, पण तो वाचल्याशिवाय सही करत नाही. कलम ७ ला आल्यावर त्याने पेनाचे टोपण लावले.

"अक्का," तो म्हणाला, "मी बघून नाही म्हटलं होतं."

मी म्हटले, मग?

"तुम्ही न बघता म्हणताय. रॉसण्णाचा नियम असा नव्हता. आधी बसायचं, बघायचं, मग काय ते बोलायचं."

राजलक्ष्मी कन्नडमध्ये म्हणाल्या, सही कर आणि गप्प बैस, तिला छळू नकोस. महांतेशने सही केली. जाताना मात्र तो गच्चीकडे गेला, काचेची वीट उचलून राजलक्ष्मींच्या हातात दिली आणि म्हणाला, घ्या, तुमचा वाटा, अक्का सगळं आधीच वाटून मोकळ्या झाल्यात. मला राग आला. तो संध्याकाळपर्यंत टिकला, मग गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरी चादर धुतली. दुपारी ती बैठकीत भिंतीला बांधली आणि खिडक्यांना काळे पडदे लावले. हे पडदे मी रॉससाठी दुहेरी कापडाचे शिवले होते, वरून टीप न मारता. एकाही टाक्यातून उजेड येत नाही. नीलाने सुट्टी घेतली. राजलक्ष्मी आणि महांतेश आले. डिस्क लावली.

मी टाकी भरते, झाडते, पीठ मळते. कधी गाणे म्हणते, कधी नीलाला रागावते. केस काळे आहेत, मग पांढरे होत जातात. राजलक्ष्मी दोनदा हसल्या. मला वाटले होते मला लाज वाटेल. वाटली नाही. कोणीतरी इतके दिवस आपल्याकडे नीट बघत होते, एवढेच वाटले.

शेवटच्या सकाळी मॅडलिनने व्हायोलिन लावले होते. मी भाकरी थापते आहे आणि व्हायोलिन रडते आहे. मी दाराकडे येते, माझे ओठ हलतात, पण वाद्यापुढे काही ऐकू येत नाही. मी नीलाला विचारले, हे वाजवणे बंद होते का? मॅडलिनने मूळ चित्रण वेगळे पाठवले होते. नीलाने ते लावले. थापण्याचा आवाज आला, टाकी वाहिल्याचा आला, माझे "पुरे आता, दारातून बाजूला हो" आले. कॅमेरा बाजूला झाला. मी समोरून निघून गेले. दार मोकळे राहिले, आणि त्या मोकळ्या दारावर त्याचा आवाज आला: "सरी, कस्तुरी."

तो बोलला होता. मी नळाकडे पळत होते, मला ऐकू गेले नव्हते.

महांतेश उठून खिडकीशी गेला, पण त्याने पडदा काढला नाही.

सबब कलम ७ रद्द समजावे. चित्रपट मॅडलिनचा. तिने तो कोणालाही दाखवावा. मला आधी दाखवून झाला आहे.

एवढे झाल्यावर मी पडदे काढले, चादर घडी करून ठेवली आणि मॅडलिनला फोन लावला. तिला म्हटले, ते व्हायोलिन काढ. मग तिने विचारले, आणि बाकीचं?

"सरी," मी म्हटले.