खरखर काढल्यापासून

४ मार्च, रविवार. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

खिडकीजवळच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून प्री-अँप्लिफायरच्या झाकणाचे स्क्रू काढतो आहे. तीन निघाले. चौथा अडून बसला आहे, म्हणून त्याला तेलाचा थेंब पाजून तोवर वही उघडली.

या गावात येऊन आज आठ दिवस झाले. रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात नोकरी लागली, दुकानापासून बारा मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आणि आईला सोबत आणता आले. त्यात आज हे यंत्र घरी आले. दुधात साखर.

चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. जाड ॲल्युमिनियमचा चेहरा, ओळीने पाच बटणे, मधोमध व्हॉल्यूमचा मोठा गोल. रेकॉर्ड प्लेअरमधून निघणारा आवाज मुंगीएवढा असतो. तो सांभाळून मोठा करायचा आणि पुढच्या यंत्राच्या हवाली करायचा, एवढेच याचे काम. नवऱ्यामागे राहिलेले सामान विकणाऱ्या एका बाईंकडून घेतले. अठराशे सांगितले, पंधराशेला दिले. नवरा याला फडकंसुद्धा लावू द्यायचा नाही, असे त्या म्हणाल्या. खरखर करतो, करू दे, म्हणायचा. आळशी माणसांना कारणे सुचतात.

आईने डबा पाहून कपाळाला हात लावला. म्हणाली, एवढ्या पैशात सून आणली असतीस तर ती दुरुस्त न करता बोलली असती.

आई स्वतः उठल्यापासून बोलते. स्टोव्हशी, भिंतीशी, आणि कोणी उरले नाही तर माझ्याशी. मला "बाबा रे" म्हणून हाक मारते. मी आठवीत शाळा सोडली, पण तिला अक्षरओळखही नाही. सही मीच शिकवली. जे काही सांगायचे ते तिला तोंडानेच सांगता येते. ऐकणाऱ्याचे कान किटतात, ही गोष्ट वेगळी.

चौथा स्क्रू निघाला.

११ मार्च, रविवार.

यंत्रात तीन दोष होते. काही न लावताही भुंग्यासारखी घुंई येई. डाव्या बाजूला तव्यावर पाणी पडल्यासारखे चुरचुरे. आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर होई. पहिल्या दोन्हींचे मूळ जुने कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे बोटाएवढे डबे. आज अकराही बदलले. घुंई गेली, चुरचुर गेली. बावीस डाखी सांधे, कुठेही कथिलाचा गोळा झाला नाही.

दुकानाचे मालक मला "मास्तर" म्हणतात, कारण मी बिलावरसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ पाहून लिहितो. त्यांचा एक कायदा आहे. काढलेला भाग टाकायचा नाही, कागदाच्या पुडीत बांधून सेटबरोबर गिऱ्हाईकाला परत करायचा. का, असे विचारले तर म्हणाले, त्याचं त्याला. आपण टाकणारे कोण?

इथे गिऱ्हाईक मीच आणि कारागीरही मीच. पुडी कोणाला द्यायची? जुने कंडेन्सर खाली आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले.

१४ मार्च, बुधवार.

छताचा पंखा आम्ही आल्यापासून खडखडत होता, तो फिरताना खडखडायचा थांबला. तू तेल घातलेस का, असे आईला विचारले. ती म्हणाली, मी कशाला घालू, मला काय पंख आहेत तिथवर पोचायला?

शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसल्या. मशीन चालतं, सुई पडते, टाकाही येतो, पण आवाज येत नाही, असे म्हणाल्या. कान गेले की काय, म्हणून घाबरल्या होत्या. आई म्हणाली, माझं बोलणं ऐकू येतंय ना, मग कान शाबूत आहेत, उलट तुमचं नशीब फुटकं. दोघी खूप हसल्या.

मी जाऊन पाहिले. काकूंनी पायडल मारले. चाक फिरले. खरोखरच आवाज नाही.

१८ मार्च, रविवार. दुपारी ४.

व्हॉल्यूम उघडला. आत घोड्याच्या नालासारखी काळी पट्टी असते आणि तिच्यावरून एक पितळी बोट फिरते. वर्षानुवर्षे घासून तिथे काळी पूड साचली होती, तीच खरखर. स्पिरिटमध्ये फडके भिजवून पट्टी आरशासारखी केली. पुन्हा जोडले. मग रेकॉर्ड लावली. इतका स्वच्छ आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

आईने फडके उचलून बादलीत टाकले. घरभर काजळी करून ठेवतोस, असे पुटपुटत साबण लावून धुतले.

१९ मार्च, सोमवार.

सकाळी आई स्टोव्हपाशी उभी राहून बोलत होती. ओठ हलत होते. मला वाटले, गंमत करते आहे. तिलाही आधी तसेच वाटले, ती हसली. हसण्याचाही आवाज आला नाही.

२० मार्च, मंगळवार.

डॉक्टरांनी घशात बॅटरी धरून पाहिले. घसा उत्तम, असे म्हणाले. "आ" करायला सांगितले. आईने इतका मोठा "आ" केला की मानेच्या शिरा ताठ झाल्या. डॉक्टरांनी मिठाच्या गुळण्या लिहून दिल्या. त्यांच्या फीचे पैसे शेजारच्या काकूंनी दिले.

घसा नाही. घरी आल्यावर तिच्या हातून परात पडली. फरशीवर गोल फिरली आणि थांबली. काही ऐकू आले नाही. तीच परात मी टाकून पाहिली, तर खणाणली.

२२ मार्च, गुरुवार.

मालकांना सगळे सांगितले. त्यांनी पुडीबद्दल विचारले. भंगारवाल्याला दिली, असे सांगितल्यावर ते खुर्चीत बसले. म्हणाले, मास्तर, आमच्या वडिलांनी घालून दिलेली रीत, मी कधी कारण विचारलं नाही. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हीही न विचारता पाळायची होती.

भंगारवाल्याच्या ढिगात दोन तास शोधले. अकराही सापडले. तेव्हाच घरी जाऊन बसवले. घुंई आली, चुरचुर आली. आणि वर पंखा खडखडू लागला! भिंतीपलीकडे शिवणयंत्र धावू लागले. मला रडू आले. मी आईला म्हटले, बोल.

ती खूप बोलली. किती वेळ बोलली.

काही नाही.

२३ मार्च, शुक्रवार.

आता कळले. पंखा कंडेन्सरात होता. आई खरखरीत होती. भाग सापडला तर परत बसवता येतो. पुसलेली पूड कुठून आणू? ती तिनेच धुऊन मोरीत सोडली.

तिला हे सांगितले. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. चार शब्द असावेत. मी चारही वेळा चुकीचे ओळखले.

२५ मार्च, रविवार.

दुकानात एका खणात मेलेले व्हॉल्यूम पडलेले असतात. त्यांतली काळी पूड ब्रशने कागदावर काढली. कोणाकोणाच्या घरातले, देव जाणे. चिमूटभर आमच्या पट्टीवर लावली. खरखर आली. आईने तोंड उघडले.

म्हाताऱ्या पुरुषाचा खोकला.

तिने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. तो तिच्यातून आला होता. मी ताबडतोब पुसले.

दुसरी चिमूट. लहान मूल हुंदके देत होते. आईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. पुसले.

पुसण्याने काळा थर झिजतो आहे, खालचा तपकिरी पत्रा दिसू लागला आहे. अजून एकदा पुसला तर पट्टी तुटेल. मग तिच्यातून कधीच काही येणार नाही.

२६ मार्च, सोमवार.

शेवटची चिमूट लावली. बाईचा आवाज. आईच्या वयाची असावी. गोड आवाज आहे. "राजा, जेवलास का?" असे म्हणाली.

आई मला राजा म्हणत नाही. आई मान हलवत होती. नाही, नाही, नाही. ओठ एक म्हणत होते, आवाज दुसरेच.

२७ मार्च, मंगळवार.

मालक भेटायला आले. आवाजाने त्यांना बसा म्हटले, चहाचे विचारले. मालक खूश. म्हणाले, मास्तर, उगाच जीव टांगणीला लावलात, आई तर खणखणीत बोलतात. आईने त्यांचा हात घट्ट धरला. त्यांना वाटले, आभार मानते आहे.

मी खरे सांगायला तोंड उघडले. काय सांगणार होतो?

२८ मार्च, बुधवार.

आई पाणी पीत होती. पेला तोंडाला होता. तरीही आवाज बोलत होता —

यंत्राची वायर काढली. फरक नाही. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला. फरक नाही.

आई कोपऱ्यात बसते. आवाज तिच्याजवळ असतोच असे नाही. आज तो स्टोव्हपाशी होता.

२९ मार्च, गुरुवार. सकाळी १०.

आईने पिशवी भरली. दोन साड्या, चष्मा. माझा हात धरून दाराकडे ओढले. मी म्हटले, चप्पल घालतो, तू हो पुढे. ती जिना उतरली. पावले वाजली नाहीत.

आवाज गेला नाही. मागे राहिला. "राजा, कुठे निघालास?"

खिडकीतून दिसते आहे — आई रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी आहे. वर बघते आहे. हाताने बोलावते आहे, ये, ये. मी ओरडलो, आई, आलो!

"कोणाला हाक मारतोस? मी इथेच आहे. बस. लोकांचे पैसे घेतलेत, आधी हिशेब लिही. मग ऊठ."

बसलो. का बसलो, कळत नाही. लिहून उठतो —

खर्च. प्री-अँप १५००. कंडेन्सर ३४०. स्पिरिट व ब्रश ८५. डॉक्टर ४००. भंगारवाला ६०. एकूण २३८५.

देणे. मालकांची उचल १२००. शेजारच्या काकूंचे ४००. एकूण १६००.

खिशात ७५. झाले.

आई अजून उभी आहे. हात खाली केला आहे तिने.

"बेरीज पुन्हा कर, राजा."

प्री-अँप १५००. कंडेन्सर ३४०. स्पिरिट व ब्रश ८५ —

कोपऱ्यावर आता कोणी —

"पुन्हा."

प्री-अँप १५००. कंडेन्सर ३४०. स्पिरिट