नाल्यावरची खोली

दि. २१ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रवीणदादास,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे मजेत. आईचा गुडघा दुखतोच, पण शेजारणीशी भांडायला जाताना दुखत नाही. वहिनीने पाठवलेलं लोणचं आठ दिवसांत संपलं, आणि ते मी एकटीने संपवलेलं नाही, एवढं तिला सांग. अंबाजोगाईला पाऊस कसा आहे? लॅबमध्ये तापाचे नमुने तपासता तपासता तुला उसंत नसेल.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी हवापाण्याचं बोलून ठेवून देते, म्हणून.

आधी कामाचं सांगते. गावातल्या पावसाच्या पाण्याचा निचरा कसा करायचा, याचा अहवाल नगरपरिषदेने मला लिहायला दिला होता. तीन उपाय समोर होते. पहिला, मेन रोडखालून मोठा पाईप. तो सगळ्यांना आवडला, कारण त्यात कुणाचं काही मोडत नव्हतं. पण गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी जमिनीची लेव्हल घेत गल्ल्या पालथ्या घातल्या, तर उतार रस्त्याकडे नाहीच. पाणी नाल्याकडेच धावणार. दुसरा, वर माळावर तळं खोदून पाणी थोपवायचं. चांगला, पण त्याने निम्मंच पाणी थांबतं. तिसरा, जुना नाला पूर्ण रुंदीने मोकळा करायचा. मी लिहिलं, तळं आणि नाला दोन्ही करा, पाईप नको.

जानेवारीच्या सभेत विजयसिंह नगरसेवक उठले. "मॅडम, नाल्यावर सोळा बांधकामं हायेत. त्यातलं एक कुणाचं, ते बी सांगा की सभेला."

दादा, ते आपलं होतं. तू माझ्यासाठी बांधलेली मागची खोली.

मी डिप्लोमाला होते तेव्हा तू दर सुट्टीला स्वतः विटा रचायचास. पोरीला दार लावून अभ्यास करता आला पाहिजे, म्हणायचास. तेव्हा खाली नाला आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. निचऱ्याची गणितं मी त्याच खोलीत शिकले.

मी सभेत म्हणाले, "पाडायची पहिली लाल फुली माझ्या घरावर मारते." आवाज खणखणीत होता म्हणे.

तिसऱ्या दिवशी आईनेच खोलीतलं सामान बाहेर काढलं. "पाडायची तर पाड. पण परवीनला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. फेब्रुवारीत खोली पाडली. बाकीचे पंधरा जण कुरकुरले, पण आपली पडलेली भिंत बघून त्यांनीही जागा मोकळी केली. पावसाळ्याआधी नाला पूर्ण रुंद झाला, माळावरचं तळंही खोदून झालं. आईला मी बजावलं होतं, दादाला मीच सांगेन. आणि चौदा एप्रिलला तू घरी येणार असताना ऐनवेळी तुझी ड्युटी निघाली तेव्हा, खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. तू रागावशील याची भीती नव्हती. तू "बरं केलंस" म्हणून गप्प बसशील, याची होती.

आता या आठवड्यातलं ऐक. सोमवारी दुपारी असा पाऊस कोसळला की समोरचं घर दिसेना. मी छत्री घेऊन खालच्या गल्लीत पळाले. तिथल्या सुंदरबाईच्या घरात दरवर्षी गुडघाभर पाणी शिरतं, तिची बाज कायम विटांवर चढवलेली असते. बघते तर म्हातारी उंबऱ्यात बसलेली, आणि पाणी तिच्या ओट्याच्या हातभर खालून नाल्यात धावतंय.

"काय गं इंजिनेर, औंदा पाणी कुटं ठिवलंस?"

"नाल्यात, आजी."

"मंग तितंच राहू दे. ये आत, चूल कोरडी हाय. च्या पी."

चहा लई गोड होता. मी हसता हसता रडले, तर ती म्हणाली, "आता तू कावून पाणी काढायलीस?" सगळी गल्ली हसली.

आता विजयसिंह सांगत फिरतात की नाल्याची कल्पना मुळात त्यांचीच. सांगू देत.

दादा, पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने ये. रागवायचं असेल तर समोर उभा राहून रागव, मी मान खाली घालून ऐकेन. मग आपण दोघं नाल्याच्या काठाने खालच्या गल्लीपर्यंत चालत जाऊ. तुझ्या बहिणीने काय केलं, ते मला तुला दाखवायचं आहे.

तुझ्यामुळे शिकलेली, आणि तुला न विचारता वागलेली,
आम्रपाली